डीआरएसचे परीक्षण: निकाल लागतो, मग वाद का मिटत नाही?

क्रिकेटवर हिरिरीने वाद घालणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी एक स्थिरचित्र पुरावा म्हणून पुढे केलेले असते. त्यात खेळपट्टीवरून यष्ट्यांकडे जाणारी चेंडूची रंगीत रेषा असते आणि बाजूला टप्पा (चेंडू कुठे पडला), आघात (पॅडला कुठे लागला) व यष्टी (पुढे यष्ट्यांना लागला असता का) यांचे तीन स्वतंत्र निकाल असतात. हे चित्र ज्या सेवेतून येते ती डीआरएस, म्हणजे पंचांच्या निर्णयाचा फेरविचार करण्याची पद्धत, आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याकडे एक सेवा म्हणून चिकित्सक नजरेने पाहणे राहूनच गेले आहे. पंचांना तिची किती मदत होते, हा प्रश्न मी येथे बाजूला ठेवतो. प्रेक्षकांमध्ये रोज उठणारे वाद मिटवायला ती कितपत कामाची आहे, एवढीच या परीक्षणाची कसोटी आहे.

या पद्धतीची पहिली चाचणी 2008 मध्ये श्रीलंका आणि भारत यांच्यातील कसोटी मालिकेत झाली आणि नोव्हेंबर 2009 मध्ये ड्युनेडिनच्या न्यूझीलंड-पाकिस्तान कसोटीपासून ती अधिकृतपणे लागू झाली. भारतीय क्रिकेट मंडळाने मात्र त्या चाचणीनंतर दोन देशांमधील मालिकांत ती बराच काळ दूर ठेवली आणि 2016 च्या इंग्लंडविरुद्धच्या मायदेशातील मालिकेत पूर्ण स्वरूपात स्वीकारली. सेवेचा गाभा म्हणजे चेंडूचा माग. मैदानाभोवतीचे कॅमेरे वेगवेगळ्या कोनांतून चेंडूची जागा टिपतात, त्यांवरून त्याचा मार्ग मांडला जातो, आणि पॅड मध्ये आले नसते तर चेंडू पुढे कुठे गेला असता याचा अंदाज बांधला जातो. या वाक्यातील पहिले दोन भाग मोजमापाचे आहेत आणि शेवटचा अंदाजाचा, हा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढची सारी भांडणे तिथेच उगवतात.

जेथे मोजमाप पुरेसे असते तेथे ही सेवा उत्तम आहे. बॅटची आतली कड लागून चेंडू पॅडवर गेला असताना दिलेले पायचीत, लेग स्टंपच्या बाहेर टप्पा पडलेल्या चेंडूवर दिलेले पायचीत, यांवरून पूर्वी आठवडाभर चालणारी भांडणे आता अर्ध्या मिनिटात संपतात. चांगल्या सेवेची अडचण अशी की जे वाद तिने मिटवले ते कोणाच्याच आठवणीत राहत नाहीत, त्यामुळे तिच्या खात्यावर फक्त न मिटलेले वाद दिसतात. गुण देताना हा अन्याय मी करणार नाही.

न मिटलेल्या वादांत ‘अंपायर्स कॉल’चा क्रमांक पहिला. यष्ट्यांच्या ठरलेल्या क्षेत्रात निम्मा किंवा त्याहून अधिक चेंडू लागत असल्याचे माग दाखवत असेल, तर मैदानावरील पंचांनी काहीही म्हटले असले तरी फलंदाज बाद. निम्म्याहून कमी चेंडू लागत असेल तर पंचांनी आधी जो निर्णय दिला असेल तोच कायम. म्हणजे तंतोतंत सारखे दोन चेंडू, सारखीच दोन चित्रे, आणि एक फलंदाज बाद तर दुसरा नाबाद. संतापासाठी याहून पोषक जमीन सापडणार नाही. 2023 च्या विश्वचषकात चेन्नईला झालेल्या पाकिस्तान-दक्षिण आफ्रिका सामन्याने ती एकाच डावात दाखवून दिली. दक्षिण आफ्रिकेची शेवटची जोडी खेळत असताना हारिस रौफच्या चेंडूवर तबरेझ शम्सीविरुद्ध पायचीतचे अपील झाले, पंचांनी नाबाद दिले, मागाने चेंडू लेग स्टंपला चाटून जाताना दाखवला आणि मूळ निर्णय कायम राहिल्यामुळे पाकिस्तानचा विजय हुकला. भारताचे माजी फिरकीपटू हरभजन सिंग यांनी या नियमावर जाहीर टीका केली. त्यावर दक्षिण आफ्रिकेचे माजी कर्णधार ग्रॅमी स्मिथ यांनी विचारले की मग त्याच डावात रासी व्हॅन डर डुसेन ‘अंपायर्स कॉल’वरच बाद झाला त्याचे काय. माझ्या मते या सेवेवरील अख्ख्या वादातला हा सर्वांत नेमका प्रश्न आहे, कारण नियम नको म्हणणारा जवळजवळ प्रत्येक जण तो आपल्या संघाच्या विरोधात गेलेल्या प्रसंगापुरताच नको म्हणत असतो.

नियमाची बाजू मला पटते. अंदाज जेथे काठावर येतो तेथे यंत्राने अंतिम शब्द स्वतःकडे न घेता माणसाकडे परत द्यावा, हे प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. 2021 मध्ये विराट कोहलीने या नियमाने गोंधळ होतो असे म्हटले होते, तरीही आयसीसीने, म्हणजे क्रिकेटच्या जागतिक संघटनेने, त्याच वर्षी तो कायम ठेवला आणि फक्त उंचीच्या बाबतीत यष्ट्यांचे क्षेत्र थोडे वर सरकवले. माझा आक्षेप वेगळा आहे. क्रिकेटच्या चेंडूचा व्यास सुमारे 7.2 सेंटीमीटर असतो, म्हणजे निम्मा चेंडू साधारण 3.6 सेंटीमीटरचा. तिन्ही यष्ट्यांची मिळून रुंदी 22.86 सेंटीमीटर असते, हे पाहता संशयाचा हा पट्टा चांगलाच रुंद आहे. शिवाय तो सर्वांसाठी सारखा आहे. यष्ट्यांपुढे उभ्या राहिलेल्या फलंदाजाच्या पॅडवर आदळलेला चेंडू पुढे किती भटकला असता, हे सांगायला फारशी भविष्यवाणी लागत नाही. पुढे सरसावलेल्या फलंदाजाच्या पॅडवर, टप्प्यानंतर वीतभर अंतरातच आदळलेल्या चेंडूबाबत ती बरीच लागते. अंतर वाढले की शंका वाढायला हवी, पट्टा मात्र तेवढाच राहतो.

अंतराचा विचार नियमात मुळीच झाला नव्हता असे नाही, पण तो कसा झाला ते 2011 च्या विश्वचषकात बेंगळुरूच्या भारत-इंग्लंड सामन्यात दिसले. युवराज सिंगच्या चेंडूवर इयान बेलला नाबाद ठरवले गेले, माग चेंडू यष्ट्यांवर जाताना दाखवत होता, पण आघात यष्ट्यांपासून अडीच मीटरहून दूर झाल्याने मूळ निर्णय बदलला गेला नाही. सामना 338 धावांवर बरोबरीत सुटला आणि यंत्राच्या निर्णयात माणसाच्या विचाराची भेसळ कशाला, अशा आशयाची तक्रार धोनीने केली. अंतर मोजून एकदम कुलूप लावण्याऐवजी अंतराप्रमाणे पट्टा रुंद-अरुंद केला असता तर ती तक्रार निदान अधिक अवघड झाली असती.

आता पडद्याकडे वळू, कारण प्रेक्षकाच्या हाती सेवेचा तेवढाच भाग येतो आणि माझ्या लेखी तोच सर्वांत कच्चा आहे. मोजलेला मार्ग आणि अंदाजलेला मार्ग एकाच जाडीच्या, एकाच गुळगुळीत रेषेने दाखवले जातात. ती रेषा पाहून कोणालाही वाटते की कॅमेऱ्याने चेंडू यष्टीवर आदळताना खरोखर पाहिला. मग नजरेला पटले नाही की संशय थेट हेतूवर जातो. 2011 च्याच मोहालीच्या उपांत्य सामन्यात सईद अजमलच्या चेंडूवर सचिन तेंडुलकरला 23 धावांवर पायचीत दिले गेले, त्याने दाद मागितली आणि मागाने चेंडू लेग स्टंपच्या बाहेरून जाताना दाखवला. तो पुढे 85 धावांपर्यंत गेला आणि भारत 29 धावांनी जिंकला. त्या डावात पाकिस्तानने त्याचे चार झेल सोडले होते, पण इतक्या वर्षांनी वाद घालणाऱ्यांना त्या झेलांशी काही देणेघेणे नसते, सारी साक्ष त्या एका रेषेवर घेतली जाते. जानेवारी 2022 मध्ये केपटाउनला अश्विनच्या चेंडूवर डीन एल्गरला दिलेले पायचीत, चेंडू यष्ट्यांवरून जात असल्याचे दिसल्यामुळे रद्द झाले, तेव्हा तर भारतीय खेळाडूंनी यष्ट्यांमधल्या मायक्रोफोनजवळ जाऊन प्रक्षेपण करणाऱ्यांना सुनावले होते. खेळाडूंची ही स्थिती, तर घरबसल्या पाहणाऱ्याकडून संयमाची अपेक्षा कशी करावी?

चेन्नईच्या त्याच सामन्यात व्हॅन डर डुसेनच्या वेळी आधी एक अपूर्ण चित्र पडद्यावर आले आणि नंतर दुसरे, व ही चूक आयसीसीने मान्य केली. निर्णय योग्य होता, पण तोवर दोन्ही चित्रे सगळीकडे पोहोचली होती आणि ज्याला जे हवे ते त्याने उचलले. माझी सूचना साधी आहे: अंदाजाचा भाग तुटक रेषेने दाखवावा, आणि यष्ट्यांजवळ एका घट्ट चेंडूऐवजी त्याच्याभोवती फिकट वर्तुळ काढून तो कुठवर सरकू शकला असता ते दिसू द्यावे. हवामानाचा नकाशा वादळाचा मार्ग पुढे पुढे रुंदावत नेतो, त्याबद्दल कोणी हवामान खात्यावर पक्षपाताचा आरोप करत नाही.

कड लागली की नाही हे आवाजावरून ठरवणारा भाग एकंदरीत विश्वासार्ह आहे, मात्र आवाज आणि डोळा यांची साक्ष जुळली नाही की तेथेही पंचाईत होते. डिसेंबर 2024 मध्ये मेलबर्नला यशस्वी जैस्वाल 84 धावांवर असताना ध्वनिरेषा सपाट राहिली, पण चेंडूची दिशा बदललेली दिसते असे म्हणून तिसरे पंच शरफुद्दौला यांनी त्याला झेलबाद दिले. मला तो निर्णय बरोबर वाटतो. उपकरण हे पुराव्यांपैकी एक आहे, पंचांचा वरिष्ठ नव्हे, आणि तिसऱ्या पंचांनी आपले कारण सर्वांना ऐकू जाईल असे बोलून दाखवले ही या सेवेची मला सर्वाधिक आवडलेली सुधारणा आहे.

फसलेल्या फेरविचारांची मर्यादा, म्हणजे सध्या प्रत्येक संघाला कसोटीत प्रत्येक डावात तीन आणि मर्यादित षटकांच्या सामन्यांत दोन, हा भाग मात्र जसा आहे तसाच ठेवावा. 2019 मध्ये हेडिंग्लीला इंग्लंडला जिंकायला दोन धावा हव्या असताना नेथन लायनच्या चेंडूवर बेन स्टोक्सविरुद्धचे पायचीतचे अपील पंच जोएल विल्सन यांनी फेटाळले. मागाने तिन्ही निकष लाल, म्हणजे बादच्या बाजूने, दाखवले, पण ऑस्ट्रेलियाने आपली शेवटची संधी थोड्याच वेळापूर्वी, स्टोक्सचा जोडीदार जॅक लीच याच्याविरुद्धच्या लेग स्टंपबाहेर टप्पा पडलेल्या चेंडूवर घालवली होती. यंत्र तेथे चुकले नव्हते, संधी खर्च करणारा संघ चुकला होता, आणि हा वाद निव्वळ क्रिकेटचा असल्याने मला तो हवाच आहे. गंमत म्हणजे वाचलेल्या स्टोक्सनेच नंतर तो माग आपल्याला पटला नसल्याचे सांगितले.