बाली ते लोंबोक: विमान बरं की बोट?

बालीहून आल्यापासून ओळखीतले लोक एकच विचारतात: शेजारच्या लोंबोकला जायचं तर विमानाने की बोटीने? आम्ही जुलैत जाताना बोट घेतली, येताना विमान. सोबत सत्तरीतली आई होती, त्यामुळे माझं मत तिच्या प्रकृतीकडे बघून झालंय, हे आधीच सांगतो.

अंतर फार नाही. बालीचा नुराह राय आणि लोंबोकचा प्राया, हे दोन विमानतळ सरळ रेषेत साधारण १२० किलोमीटरवर. म्हणजे आपलं सोलापूर-लातूर. सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याला जातं तसंच पंख्याचं एटीआर विमान आम्हाला मिळालं आणि हवेत आम्ही जेमतेम पंचवीस मिनिटं होतो. पण तेवढीच मिनिटं मोजून तिकीट काढू नका. दोन तास आधी पोचणं आलंच. शिवाय पूर्वी लोंबोकचा विमानतळ मातारामला होता, २०११ मध्ये तो दक्षिणेला प्रायाला गेला. पश्चिम किनाऱ्यावरच्या सेंगिगीला राहणार असाल तर उतरल्यावर तास-सव्वा तास गाडीत जातो. दक्षिणेकडच्या कुटाला मात्र अर्ध्या तासात पोचता. (कुटा बालीतही आहे, बुकिंग करताना बेटाचं नाव बघून घ्या.)

लोंबोकजवळच्या छोट्या गिली बेटांवरच राहायचं असेल तर बोट घ्या, ती थेट तिथे लागते. बालीतल्या पादांग बाई बंदराहून दीड-दोन तास. बालीतल्या कुटाहून पादांग बाईला जायला दीड तास धरा, वाटेत इतर प्रवासी घेत गेलं की त्याहून जास्त.

समुद्राचं मी सहन केलं असतं. दोन बेटांमधली ही सामुद्रधुनी खोल, प्रवाह जोरदार, त्यात जून ते सप्टेंबर आग्नेयेचा वारा. आईला दोनदा उलटी झाली, तरी ती काही बोलली नाही. मला लागलं ते सामानाचं. चढताना आमच्या बॅगा हातातून घेऊन पुढच्या उघड्या डेकवर रचल्या. वर ताडपत्री टाकतील असं वाटलं होतं, टाकली नाही. लोंबोकच्या बांगसाल बंदरात उतरलो तेव्हा आईच्या बॅगेतून पाणी गळत होतं. तिच्या आठ दिवसांच्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी त्यात होती. बाहेरचं ती खात नाही. भाकरी खाऱ्या पाण्यात भिजून पार लगदा झालेल्या. धक्क्यावर बसून ती एकेक पिशवी उघडून बघत होती, कुठली कोरडी राहिलीय का म्हणून. एक चटणीचं पाकीट तेवढं वाचलं.

दारापासून दारापर्यंत आम्हाला बोटीने आठ तास लागले, विमानाने साडेचार. दोन्ही वेळा मुक्काम कुटालाच होता, इकडच्या आणि तिकडच्या. सेंगिगी असतं तर फरक इतका नसता. त्या बोटवाल्यांनी सामान झाकलं असतं तर कदाचित मी येतानाही बोटीनेच आलो असतो. तरी घरात वयस्कर माणूस असेल आणि दिवस जून ते सप्टेंबरचे असतील तर मी विमानच सांगेन. छोट्या विमानात सामानाची मर्यादा कमी असते, तेवढं तिकिटावर बघून ठेवा.

लोंबोकला जाताना डावीकडची खिडकी मागा, येताना उजवीकडची. लोंबोकचा ३,७२६ मीटरचा रिंजानी ज्वालामुखी त्याच अंगाला दिसतो. आईला आम्ही तिथेच बसवलं होतं. ढगांच्या वर ते टोक दिसलं तेव्हा तिने हात जोडले.