नोड-रेड की ब्लॉकली?

घरातले लाइट-पंखे ऑटोमॅटिक करायचेत पण कोडिंगचा गंध नाही, तर माझ्या मते आधी कोड न लिहिता चित्रांतून प्रोग्रॅम बनवायची ही दोन साधनं बघा. नोड-रेड २०१३ ला आयबीएममधे सुरू झालं, ब्राउझरमधे १८८० पोर्टवर उघडायचं, डबे (म्हणजे नोड) ओढायचे, वायरी जोडून साखळी (म्हणजे फ्लो) करायची नि ती चालू करायला डिप्लॉय दाबायचं, सेन्सरचा मेसेज डावीकडून उजवीकडे जातो आणि मेसेज दाखवणारा डीबग नोड लावला की गाडी कुठं अडली ते लगेच दिसतं, मला तर हेच जाम आवडतं. फक्त फ्लो वाढला की वायरींचा नुसता गुंता!! गूगलने बनवलेलं ब्लॉकली म्हणजे ठोकळे जुळवणं, भलत्या आकाराचा बसतच नाही, ओपनहॅब या घर ऑटोमॅटिक करायच्या सॉफ्टवेअरमधे रूल बनवायला ते मिळतं. 'जर-तर' शिकायला पोरांना भारी आहे, पण एमक्यूटीटी (सेन्सर-उपकरणांनी एकमेकांना मेसेज पाठवायची पद्धत) वगैरे आलं की मी नोड-रेडच उघडतो.