टिर्झेपटाइडचं इंजेक्शन: भूक गेली, मळमळ आली, आणि दोन्ही डोक्यातूनच

किती किलो गेलं, डायबिटीस आणि वजनासाठीच्या या इंजेक्शनबद्दल सगळ्यांना एवढंच विचारायचं असतं. वजन उतरतंय, शुगर पण ताळ्यावर आलीये, झालं. मला लिहायचंय भूक आणि मळमळीबद्दल, कारण घेणाऱ्याचा रोजचा संबंध तिच्याशीच येतो आणि केमिस्टकडे कोणी त्यातलं काही सांगत नाही.

आधी भूक. माझं कसं होतं की जेवण झालं तरी डोकं किचनमध्येच, डब्यात चिवडा उरलाय, फ्रिजमध्ये कालची बासुंदी आहे, संध्याकाळी येताना वडे आणायचे का, हे दिवसभर मागे चालूच. 2.5 मिलिग्रॅमच्या सुरुवातीच्या डोसलाच ते बंद पडलं. म्हणजे मी मन मारून बसलेय असं नाही हां, विषयच डोक्यात येत नाही. बासुंदी समोर असते, छानच असते, दोन चमचे खाल्ले की बास वाटतं. इतकी वर्षं सगळ्यांनी "जरा तोंडावर ताबा ठेव" म्हणून ऐकवलं ते आठवून आता राग येतो खरं तर.

आपल्या आतड्यात खाल्ल्यावर दोन हॉर्मोन सुटतात, जीएलपी-1 आणि जीआयपी. पहिलं मुख्यतः आतड्याच्या खालच्या भागातून, दुसरं वरच्या. शरीरातलं खरं जीएलपी-1 दोन-चार मिनिटांत संपतं, एक एन्झाइम त्याचे तुकडे करून टाकतं. टिर्झेपटाइड या दोन्हींची नक्कल करतं आणि त्यातलं निम्मं औषध रक्तातून जायलाच साधारण 5 दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा टोचलं की झालं. त्याने पोट हळू रिकामं होतं हे खरंय, पण तो परिणाम काही आठवड्यांत बराच ओसरतो, भूक मात्र कमीच राहते, कारण मुख्य काम मेंदूत चालतं. मानेच्या वर, मेंदूच्या देठात एरिया पोस्ट्रेमा म्हणून छोटीशी जागा आहे. बाकी बहुतेक मेंदूला रक्तातल्या गोष्टींपासून पक्कं कुंपण असतं, इथे ते ढिलं आहे, कारण या जागेचं कामच रक्तात काही विषारी आलंय का ते हुंगायचं आणि आलं असेल तर उलटी करवायची. जीएलपी-1 ला ओळखणाऱ्या पेशी तिथे भरपूर. पोट भरल्याची खबर पोटातून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस नर्व्हने येते तीही अगदी शेजारीच उतरते. आता कळलं ना भूक जाणं आणि मळमळणं जोडीने का येतात?

माझी मळमळ डोस 5 ला नेल्यावर सुरू झाली. इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डब्याची भाजी करायला घेतली, तेलात लसूण पडला आणि मी गॅस बंद करून सरळ गॅलरीत. सासूबाई म्हणाल्या, पित्त झालंय, कोकम सरबत घे. घेतलं, काही फरक नाही, पोटात अ‍ॅसिड वाढलेलंच नव्हतं तर कोकम बिचारं काय करणार. शेजारच्या काकूंनी तर हळूच विचारलं, गोड बातमी आहे का? या वयात!! हसू आलं पण काकू तशा फार चुकल्या नव्हत्या. गरोदरपणातल्या उलट्यांमागे जीडीएफ-15 नावाचं हॉर्मोन मोठं कारण आहे असं 2023 च्या संशोधनात दिसलं, आणि तेही मेंदूच्या याच भागावर काम करतं. हॉर्मोन वेगळं, दार तेच.

2022 च्या मोठ्या ट्रायलमध्ये डोसप्रमाणे साधारण 25 ते 33 टक्के लोकांना मळमळ झाली, बहुतेकांना डोस वाढवतानाच. म्हणून 2.5 मिलिग्रॅमपासून सुरू करून दर पायरीला निदान 4 आठवडे थांबतात. ओळखीतली एकजण घाईने वर गेली आणि उलट्यांनी हैराण होऊन सोडून बसली. प्राण्यांवरच्या प्रयोगांत या औषधाचं जीआयपीची नक्कल करणारं अर्धं अंग मळमळ दाबतं असं दिसलंय. उंदरांमध्ये तर पोट भरल्याचं समाधान देणाऱ्या आणि किळस आणणाऱ्या पेशी वेगवेगळ्या निघाल्या, हे 2024 चं, म्हणजे पुढेमागे मळमळीशिवायचं औषध येऊ पण शकेल.

तोवर मला उपयोगी पडलं ते असं, ताट अर्धं वाढून घ्यायचं, तळलेलं आणि जड इंजेक्शननंतरच्या दोन दिवसांत नकोच, मऊ भात-वरण किंवा ताकभात, आणि पहिल्यांदा "बास" वाटलं की तिथेच हात धुवायचा. अजून एक घास म्हणून आग्रहाला बळी पडलात की रात्रभर भोगाल. लग्नाच्या पंगतीत हे फार अवघड जातं, जिलेबी घेऊन वाढपी उभाच असतो. पाणी मात्र आठवणीने प्या, भूक नाही तशी तहानही कळत नाही. आणि अंडी, पनीर, डाळ जे चालतं ते रोज खा, नाहीतर चरबीबरोबर स्नायूपण जातात.

तक्रारी आहेत. एक म्हणजे पैसे. भारतात मार्च 2025 ला व्हायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, आली तेव्हा 2.5 ची 3500 रुपये आणि 5 ची 4375, एक व्हायल म्हणजे एकच डोस, महिन्याचं गणित तुम्हीच करा. दुसरं, बंद केलं की भूक परत येते आणि ट्रायलमध्ये बंद केलेल्यांचं बरंचसं वजनही परत आलं, तेव्हा तीन महिन्यांचा कोर्स वगैरे डोक्यातून काढा. तिसरं, न वापरलेलं इंजेक्शन 2 ते 8 डिग्रीत ठेवायचं असतं आणि मला एकदा ऑनलाइन मागवलेलं आईस पॅकचं पाणी झालेल्या अवस्थेत आलं. परत पाठवलं, पैसे मिळाले पण महिनाभराने, तेव्हापासून कोपऱ्यावरच्या केमिस्टकडूनच थंड पिशवी नेऊन आणते. सुई? काहीच नाही, शुगर टेस्टचं बोट जास्त दुखतं.

5 पैकी 4, कापलेला एक किमतीसाठी, मळमळीसाठी नाही. पॅन्क्रियाजला (स्वादुपिंडाला) कधी सूज आली असेल किंवा घरात मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर असेल तर डॉक्टरला आधी सांगा. आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांनी नीट वाचा, हे सुरू केल्यावर आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर 4 आठवडे त्या गोळ्यांवर एकट्यावर विसंबायचं नाही, नाहीतर काकूंचा प्रश्न खरा ठरायचा.