वाफेच्या ह्युमिडिफायरमध्ये कोलॉइडल सिल्व्हर: बाटली घेण्याआधी वाचा

ह्युमिडिफायरच्या (हवेतला ओलावा वाढवणाऱ्या यंत्राच्या) टाकीत जंतू मारायला म्हणून कोलॉइडल सिल्व्हरच्या, म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण असलेल्या पाण्याच्या, बाटल्या मिळतात. द्रावण साधारण १० पीपीएमचं, दर टाकीला एक चमचा. तुमचं यंत्र वाफेचं असेल तर ही बाटली घेऊ नका. पाणी १०० अंशांना उकळतं, चांदी दोन हजारांच्याही वर. वर जाते ती पाण्याची वाफ. चांदी क्षारांबरोबर तळाशी बसते. जंतूंचं म्हणाल, तर वाफ होणारं पाणी उकळूनच बाहेर पडतं.

हिशेबही बघा. १० पीपीएम म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम. ५ मिलिलिटरच्या चमच्यात ०.०५ मिलिग्रॅम, तीही दोन लिटर पाण्यात पसरलेली. त्यातून स्वस्त व्हेपोरायझर, म्हणजे वाफेची यंत्रं, असतात दोन इलेक्ट्रोडांची (पाण्यात बुडलेल्या, वीज नेणाऱ्या दांड्यांची). करंट पाण्यातूनच जातो, त्यामुळे आरओचं पाणी घातलं की वाफ धरत नाही आणि चिमूटभर मीठ टाकावं लागतं. मिठातलं क्लोराइड द्रावणातल्या चांदीच्या आयनांना धरून न विरघळणारं सिल्व्हर क्लोराइड करतं. म्हणजे होती तीही कामातून गेली. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी असेल तर मीठ अजिबात नको: करंट वाढतो, पाणी उसळतं, तोंडातून कढत थेंब उडतात, कधी फ्यूजही जातो.

अल्ट्रासॉनिक यंत्रात मात्र हीच चांदी धोक्याची. ते पाणी उकळत नाही, बारीक थेंबांचं धुकं करतं, आणि पाण्यात असेल ते सगळं श्वासात जातं. चांदी अंगात साठत गेली की त्वचा निळसर-करडी पडते. याला अर्जिरिया म्हणतात, आणि तो रंग सहसा जात नाही. कोलॉइडल सिल्व्हरची चिठ्ठीविना विकली जाणारी औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत, असं अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या सरकारी औषध नियामक संस्थेने) १९९९ मध्येच ठरवलं. तान्ह्या बाळाच्या खोलीत तर हे कृपा करून करू नका.

टाकी रोज ओता, पुसा, उघडी वाळवा. आठवड्यातून एकदा प्लग काढून, यंत्र पूर्ण थंड झाल्यावर, पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घालून अर्धा तास ठेवा. इलेक्ट्रोडवरचा थर जुन्या टूथब्रशने घासा, दोनदा धुवा. घरातलं माडाचं व्हिनेगर यासाठी नको, वास वाफेत उतरतो.

बाटलीच्या पैशांत हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला ओलावा मोजणारं यंत्र, घ्या. गोव्यात जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वरच. तेव्हा ह्युमिडिफायर लावणं म्हणजे भिंतींना आणि कपाटातल्या चपलांना बुरशी लावून घेणं. रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीत आकडा ४० च्या खाली गेला तरच यंत्र सुरू करा, ५० ला बंद.