पाचवी ते सातवीतल्या मुलाला फोन: साधा, घड्याळ, जुना स्मार्टफोन की इतक्यात काहीच नको?

पाचवीत गेलं की मुलांचा दिवस लांबतो. शाळा, मग क्लास, मग मैदान, आणि मधे व्हॅनवाले काका नाहीतर एसटी. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवीपासून शाळेसाठी एसटीचा पास मोफत मिळतो, त्यामुळे दहा-अकरा वर्षांच्या कितीतरी मुली रोज बसने दुसऱ्या गावच्या शाळेत जातात. आई शेतात, बाबा कामावर. बस चुकली तर मुलीने कळवायचं कसं? बहुतेक घरांत फोनचा विषय इथून निघतो, आणि आठवडाभरात ‘वर्गात सगळ्यांकडे आहे’ यावर येऊन ठेपतो.

घरी कळवणं आणि अभ्यास, या दोन गरजा वेगळ्या आहेत. बस चुकल्याचं कळवायला इंटरनेट लागत नाही. आणि अभ्यासाच्या व्हिडिओसाठी इंटरनेट हवंच असेल, तर ते मुलाच्या खिशात असायला हवं असं नाही. म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगते: तेरा वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलाजवळ फार तर साधा फोन असावा, आणि स्मार्टफोन लागलाच तर तो घराचा असावा, मुलाचा नव्हे. पण प्रत्येक घराची घडी वेगळी, म्हणून पर्याय एकेक करून पाहू.

काहीच न देणं

मूल व्हॅनने जातं-येतं, घरी आजी-आजोबा आहेत, क्लास दोन गल्ल्या सोडून आहे, अशा घराला फोनची गरज नाही. घरात एक फोन कायम राहील एवढी सोय पुरते. मात्र आई-बाबांचे दोन नंबर मुलाला तोंडपाठ हवेत. हे पुढच्या सगळ्या पर्यायांनाही लागू आहे, कारण फोन हरवतो, चार्जिंग संपतं, आणि तेव्हा दुकानदाराच्या किंवा कंडक्टरच्या फोनवरून लावायला नंबर आठवावा लागतो.

या पर्यायाची खरी अडचण म्हणजे आपलं मूल एकटं पडणं. त्यावर उपाय एकट्या घराने होत नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले टीव्ही-मोबाईल बंद होतात. ते टिकलं कारण मोठ्यांनीही आपले फोन बाजूला ठेवले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सीच्या ग्रामसभेने १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीच केली. त्यामागची कळकळ मला समजते, पण सरसकट बंदीत बसस्टॉपवर थांबलेल्या मुलीचा प्रश्न सुटत नाही. वर्गातल्या चार-पाच पालकांनी मिळून ‘सातवीपर्यंत स्मार्टफोन नाही’ असं ठरवलं, तर तेवढ्यानेही मुलांवरचा दाब खूप कमी होतो.

सिमवालं घड्याळ

मनगटावर असल्यामुळे हरवत नाही, ठरावीक नंबरांवरच फोन लागतो, मूल कुठे आहे ते आपल्याला दिसतं. पण चांगलं घड्याळ साध्या फोनच्या कितीतरी पट महाग पडतं, जवळपास रोज चार्ज करावं लागतं, इमारतीच्या आत ठिकाण नीट दाखवत नाही, आणि बऱ्याच शाळा ते चालू देत नाहीत. शिवाय आपल्या मुलाचा रोजचा ठावठिकाणा कुठल्या कंपनीकडे साठतो आहे हे विचारायला हवं. शहरात, लहान चणीच्या, विसराळू मुलासाठी ठीक. नाहीतर मी यात पैसे घालणार नाही.

साधा, बटणांचा फोन

माझा कौल याला, पण दुकानात जाण्याआधी काही गोष्टी माहीत हव्यात.

पहिली म्हणजे नेटवर्क. अगदी स्वस्तातले बटणांचे फोन टू-जी असतात आणि त्यांत जिओचं सिम चालत नाही, कारण जिओकडे टू-जी नाहीच. घरात सगळ्यांचं जिओ असेल तर फोर-जी फोनच घ्यावा लागतो. पण फोर-जी आलं की इंटरनेटही येतं. जिओभारतसारख्या फोनवर पैसे पाठवता येतात, गाणी-व्हिडिओ चालतात. काही बटणांच्या फोनवर यूट्यूबही असतं. म्हणून दुकानदाराला थेट विचारा, ‘यात व्हिडिओ चालतात का?’ चालत असतील तर दुसरा दाखवायला सांगा, नाहीतर सिमवर इंटरनेटचा पॅक टाकू नका.

इंटरनेट नसलेले पॅक आता मिळतात. डिसेंबर २०२४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं बंधनकारक केलं. मोठ्या कंपन्यांचे ८४ दिवसांचे असे पॅक साडेचारशे-पाचशे रुपयांच्या आसपास सुरू झाले. दर बदलत राहतात आणि हे पॅक जाहिरातीत ठळक दिसत नाहीत, त्यामुळे रिचार्जवाल्याकडे नाव घेऊन मागावे लागतात.

सिम १८ वर्षांखालच्या मुलाच्या नावावर मिळत नाही, ते पालकाच्याच नावावर घ्यावं लागतं. त्यासाठी नवा नंबर घ्या. घरातला जुना, बँकेला किंवा आधारला जोडलेला नंबर मुलाच्या फोनमध्ये घालू नका. ओटीपी मुलाच्या दप्तरात येत राहणं हा नसता धोका आहे.

तोटेही आहेत. मूल कुठे आहे ते नकाशावर दिसत नाही. मित्र ‘डबा फोन’ म्हणून चिडवतात, आणि बारा वर्षांच्या मुलाला ते खरंच लागतं, त्याला हसण्यावारी नेऊ नये. अनोळखी फोन येतातच, म्हणून आई-बाबा, आजी आणि व्हॅनवाले काका सोडून कुणाचाही उचलायचा नाही हे आधीच ठरवावं.

घरातला जुना स्मार्टफोन

सर्वांत जास्त घरांत हेच होतं. बाबा नवा फोन घेतात आणि जुना मुलाकडे जातो, बाबांच्या जीमेलसकट, पैसे पाठवायच्या अ‍ॅपसकट. यूट्यूबच्या लेखी मूल चाळीस वर्षांचं असतं आणि समोर येतंही तसंच.

द्यायचाच असेल तर आधी फोन पूर्ण पुसून कोरा करा. मुलाचं खरं जन्मवर्ष घालून त्याचं वेगळं गुगल खातं उघडा आणि आपल्या फोनवर गुगलचं फॅमिली लिंक हे अ‍ॅप घ्या. ते मोफत आहे. कुठलं अ‍ॅप येणार, रोज किती वेळ चालणार, रात्री कधी बंद होणार, हे त्यातून ठरवता येतं. यूट्यूबलाही नऊ वर्षांपुढच्या मुलांसाठी वेगळी पातळी लावता येते.

खोटं वय घालू नका. इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅटची अट १३ वर्षांची आहे. अकरा वर्षांच्या मुलाचं वय अठरा लिहिलं, तर किशोरवयीनांसाठी इन्स्टाग्रामने घातलेली बंधनं त्याच्यापर्यंत सहसा पोचतच नाहीत.

‘अभ्यासासाठी हवा’ या कारणाबद्दल असर या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीतले २०२४ चे आकडे पाहा. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी तो ५७ टक्क्यांनी वापरला होता, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. आपल्या मुलांहून ही मुलं मोठी आहेत, तरी कल स्पष्ट आहे. अमेरिकेतल्या दहा हजारांहून अधिक मुलांच्या, २०२५ अखेरीस आलेल्या अभ्यासात बाराव्या वर्षी स्मार्टफोन असलेल्या मुलांत नैराश्य, लठ्ठपणा आणि अपुरी झोप जास्त आढळली. फोनमुळेच हे झालं असं त्यातून सिद्ध होत नाही, पण झोपेचं तर आपल्याला घरातही दिसतं.

शाळेचा गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, हे खरं. तो आई-बाबांच्या फोनवर येऊ द्या आणि वहीत उतरवून घ्यायला सांगा. जुना फोन हॉलमध्ये, वायफायवर, सिमशिवाय ठेवला तर अभ्यासाचं काम भागतं.

नवाकोरा स्मार्टफोन

या वयात नको. अपवाद मात्र मानायला हवेत. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाच्या दंडावरचा सेन्सर साखरेचं प्रमाण फोनवर दाखवतो, तिथे तो फोन औषधाइतकाच गरजेचा. ऐकू न येणाऱ्या मुलाला खुणांनी बोलायला व्हिडिओ कॉल लागतो. या घरांना बाकीच्यांनी नियम शिकवू नयेत.

काहीही दिलंत तरी रात्री सगळे फोन, मोठ्यांचेही, स्वयंपाकघरात चार्जिंगला लागावेत. आणि ‘परत असं झालं तर फोन काढून घेईन’ ही धमकी शक्यतो टाळा. कुणी घाणेरडा मेसेज पाठवला, कुणी फोटो मागितला, तर फोन जाईल या भीतीने मूल नेमकं तेच लपवतं. ‘सांगितलंस तर रागावणार नाही’ असा शब्द द्या आणि पाळा. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३०, मूल कुठल्याही संकटात असेल तर १०९८, हे दोन क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवा.

साधा फोन घ्यायचं ठरलं तर जूनची वाट पाहू नका, मे महिन्यातच घ्या. सुट्टीत दुकानात, मैदानावर, मावशीकडे जाताना मुलाला तो वापरू द्या: पोचल्यावर फोन करणं, रात्री चार्जिंगला लावणं, अनोळखी नंबर न उचलणं. आठवीत गेल्यावर पुन्हा बसून बोलू, हेही त्याला आत्ताच सांगून ठेवा.