पॅरिस ऑलिम्पिकचे प्रक्षेपण : डोळ्यांना मेजवानी, कानांना उपवास

पॅरिस ऑलिम्पिक 26 जुलै ते 11 ऑगस्ट 2024 या काळात झाले आणि भारतातील प्रेक्षकांसाठी त्याच्या वेळा चांगल्याच सोयीच्या होत्या. पॅरिसचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असल्याने बरेचसे सामने दुपारी सुरू होऊन रात्री उशिरापर्यंत चालत. रिओच्या वेळी अनेक अंतिम फेऱ्यांसाठी पहाटेचा गजर लावावा लागला होता, तशी वेळ या खेपेस फारशी कोणावर आली नाही. हक्क घेतलेल्या खासगी कंपनीने आपल्या क्रीडावाहिन्यांबरोबर मोबाइल अ‍ॅपवरही स्पर्धा विनामूल्य दाखवली, आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देण्याचे बंधन 2007 च्या कायद्याने घातलेले असल्यामुळे दूरदर्शनच्या प्रेक्षकांपर्यंतही ती पोचली. त्या दिवसांत नातेवाईक, शेजारी आणि तालमीतली ओळखीची मंडळी यांच्याकडून जे ऐकायला मिळाले त्याचा सूर जवळपास सारखाच होता. चित्राबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती आणि समालोचनावर खूश असलेला माणूस मात्र शोधूनही सापडत नव्हता. माझे मत फार वेगळे नाही. पण ‘ते फार ओरडतात’ एवढ्यावर ही नाराजी संपत नाही, असे मला वाटते.

आधी चित्राविषयी. ऑलिम्पिकचे मूळ चित्रण कोणत्याही देशाची वाहिनी करत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2001 मध्ये स्थापन केलेली ऑलिम्पिक ब्रॉडकास्टिंग सर्व्हिसेस ही संस्था सगळ्या क्रीडाप्रकारांचे चित्रण करून ते जगभरच्या हक्कधारकांना पुरवते. कॅमेरा कोठे असावा, संथगतीतील पुनर्दर्शन केव्हा यावे, गुणफलकावर काय दिसावे, हे सारे तिच्याकडूनच ठरून येते. त्यामुळे आपल्या पडद्यावर दिसणारे देखणेपण हे स्थानिक वाहिनीचे कर्तृत्व नसते, हे परीक्षणाच्या सुरुवातीलाच सांगून टाकणे बरे. तिरंदाजीत बाण सोडण्यापूर्वी खेळाडूच्या हृदयाचे ठोके पडद्याच्या कोपऱ्यात आकड्यांत दिसत होते. माझ्या आत्याने आयुष्यात कधी तिरंदाजी पाहिलेली नाही, पण तो आकडा वाढताना पाहून तिने हातातली भाजी निवडायची थांबवली आणि ‘आता हा चुकणार’ असे भाकीत करू लागली. न बोलता एवढे काम करणारे चित्र असेल, तर त्यावर बोलणाऱ्याची जबाबदारी वाढते.

स्थानिक वाहिनीच्या वाट्याला उरतात त्या चार गोष्टी: कोणता सामना दाखवायचा, त्यावर काय बोलायचे, जाहिरात कोठे घालायची आणि स्टुडिओत कोणाला बसवायचे. पहिल्या बाबतीत अ‍ॅपने बाजी मारली. निरनिराळ्या खेळांचे प्रवाह स्वतंत्रपणे उपलब्ध असल्यामुळे प्रेक्षक वाहिनीच्या निवडीवर अवलंबून राहिला नाही. 1 ऑगस्टच्या दुपारी याचे महत्त्व पटले. एक वाजता नेमबाज स्वप्नील कुसाळेची अंतिम फेरी सुरू झाली, दीड वाजता बेल्जियमविरुद्धचा हॉकी सामना, आणि त्यानंतर थोड्याच वेळात बॉक्सर निखत झरीनची लढत. एकाच वाहिनीवर हे सारे मावणे अशक्यच होते.

त्या अंतिम फेरीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण या प्रक्षेपणाचे गुणदोष तिच्यात सर्वांत स्पष्ट दिसले. 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स हा प्रकार नवख्या प्रेक्षकाला कठीण जातो. खेळाडू आधी गुडघ्यावर बसून, मग पालथे झोपून आणि शेवटी उभे राहून नेम धरतात. प्रत्येक गोळीला दशांशात गुण मिळतात आणि एका गोळीचे कमाल गुण 10.9 असतात. उभ्याने झाडलेल्या पहिल्या दहा गोळ्यांनंतर, म्हणजे एकूण 40 गोळ्या झाल्यावर, आठवा आणि सातवा नेमबाज बाद होतो. त्यानंतर प्रत्येक गोळीला एकेक जण कमी होत जातो. गुडघ्यावरच्या टप्प्यानंतर स्वप्नील सहाव्या आणि झोपून नेम धरण्याच्या टप्प्यानंतर पाचव्या स्थानी होता. ज्याला ही रचना ठाऊक होती तो त्या वेळी निर्धास्त होता, कारण उभ्याने नेम धरणे सर्वांत अवघड असते आणि खरी पडझड तेथेच होते. ज्याला ठाऊक नव्हती त्याला मात्र आपला खेळाडू अर्धा तास मागे पडलेला दिसत होता, आणि समालोचक त्या काळजीत भरच घालत होते. ‘आता पदकाच्या शर्यतीत परत यायला हवे’ हे वाक्य मी ऐकले त्या हिंदी समालोचनात वारंवार आले. पण परत येण्याचा रस्ता कोणता, हे सांगायला बराच उशीर झाला. पुण्यातला एक ओळखीचा नेमबाज त्या दिवशी आमच्याबरोबर बसला होता. त्याने आवाज बंद करायला लावला आणि स्वतःच सांगू लागला: श्वास केव्हा रोखला, रायफल खांद्यावरून खाली का घेतली, शेजारचा गडी घाई का करतो आहे. त्यानंतर खोलीतले कोणी जागचे हलले नाही. 44 व्या गोळीनंतर 451.4 गुणांवर स्वप्नीलचे कांस्य निश्चित झाले. चीनच्या लिऊ युकुनने सुवर्ण आणि युक्रेनच्या सेर्ही कुलिशने रौप्य घेतले.

पदक मिळाल्याबरोबर समालोचनाला चरित्रकथेचे स्वरूप आले. राधानगरी तालुक्यातले कांबळवाडी, मध्य रेल्वेतील तिकीट तपासनिसाची नोकरी, धोनीशी साधर्म्य. यातला धोनीचा धागा खुद्द स्वप्नीलनेच जोडलेला असल्यामुळे तो येणे स्वाभाविक होते. पण किती वेळा यावा यालाही काही मर्यादा असते. त्या मानाने 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक जिंकणाऱ्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची आठवण ओझरतीच निघाली. महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक 72 वर्षांनी मिळाले होते, आणि कोल्हापूर-कऱ्हाडच्या प्रेक्षकांना त्या दुपारी तेच बोलायचे होते.

‘ओरडणे’ ही तक्रार खरी आहे, पण ती दुय्यम आहे. खेळ कळणारा माणूस भरात येऊन ओरडला तर ते कोणाला खुपत नाही. ग्रेट ब्रिटनविरुद्धच्या हॉकी उपांत्यपूर्व सामन्यात 17 व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले आणि उरलेला सामना भारताने दहा जणांनिशी खेळून काढला. 1-1 अशा बरोबरीनंतर शूटआउटमध्ये 4-2 असा विजय मिळाला, तेव्हा समालोचकांइतकेच आम्हीही ओरडत होतो. त्या सामन्याचे समालोचन मला आवडले, कारण बोलणाऱ्यांना हॉकी येत होती. बचावाची साखळी कशी बदलली, एक खेळाडू कमी असताना मधली फळी का मागे ओढावी लागते, हे सामना चालू असतानाच कळत गेले. म्हणजे जमत नाही अशातला भाग नाही. जेथे त्या खेळाचा जाणकार बसवला तेथे जमले; जेथे सर्वज्ञ निवेदकावर भिस्त ठेवली तेथे पदकतालिका वाचून दाखवण्यापलीकडे काही घडले नाही.

अविनाश साबळेच्या शर्यतीत हाच दोष वेगळ्या रीतीने दिसला. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा हा धावपटू 3000 मीटर स्टीपलचेसची ऑलिम्पिक अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष. शर्यत आपल्याकडे 7 ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर सव्वा वाजण्याच्या सुमारास झाली, तरी जागे राहिलेले लोक थोडे नव्हते. सुरुवातीला तो आघाडीवर दिसला आणि पुढे आघाडीच्या घोळक्यातून मागे पडताच पडद्यावरूनही दिसेनासा झाला. यात आपल्या वाहिनीचा दोष नाही, कारण मूळ चित्रण आघाडीवर असलेल्यांच्या मागे जाणार हे उघड आहे. परंतु अशा वेळी आवाजाने चित्राची उणीव भरून काढायची असते: आता तो कितवा आहे, फेरी किती सेकंदांत मारली, पाण्याच्या अडथळ्यावर पाऊल कसे पडते. 28 अडथळे आणि पाण्यावरच्या सात उड्या असलेल्या या शर्यतीत सांगण्यासारखे पुष्कळ असते. इथियोपियाचा लामेचा गिरमा शेवटच्या फेरीत जोरात आदळला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले, तेव्हा तर प्रेक्षकांच्या मनात नुसते प्रश्नच होते. साबळे 8 मिनिटे 14.18 सेकंदांसह अकरावा आला. ‘पदकाची आशा संपली’ एवढ्यावर त्याचा विषय मिटवणे मला अन्यायाचे वाटले. मराठवाड्यातले माझे स्नेही त्याबद्दल याहून पुष्कळ कडक शब्द वापरतात.

याउलट 8 ऑगस्टच्या रात्रीचा भालाफेकीचा अंतिम सामना पाहताना समालोचनाची पातळी अनपेक्षितपणे उंचावली. पाकिस्तानच्या अर्शद नदीमने दुसऱ्या प्रयत्नात 92.97 मीटर फेक करून 2008 पासूनचा 90.57 मीटरचा ऑलिम्पिक विक्रम मोडला, आणि नीरज चोप्राच्या 89.45 मीटरखेरीज बाकीच्या पाचही फेकी अवैध ठरल्या. पाकिस्तानचा खेळाडू समोर असताना आपल्याकडे समालोचनाचा तोल जाण्याची भीती असते. या वेळी तो सांभाळला गेला आणि त्या फेकीचे मनापासून कौतुक झाले. दुसऱ्या दिवशी नीरजच्या आईने अर्शदलाही आपला मुलगा म्हटले ते सर्वांनी ऐकले. घरोघरच्या प्रेक्षकांची प्रतिक्रिया त्या बोलण्याच्या बरीच जवळ होती, असे माझे निरीक्षण आहे. वृत्तवाहिन्यांवरच्या मथळ्यांवरून मात्र तसे वाटले नसते.

सर्वांत मोठी निराशा 7 ऑगस्टला झाली, आणि ती स्टुडिओने केली. आदल्या दिवशी विनेश फोगाटने आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तोवर अपराजित असलेल्या जपानच्या युई सुसाकीला हरवून अंतिम फेरी गाठली होती. सकाळी 50 किलो गटाच्या वजनात 100 ग्रॅम जास्त भरल्याने ती अपात्र ठरली. त्या दुपारी प्रेक्षकांना हवे होते ते सरळ उत्तर. कुस्तीत प्रत्येक गटाची स्पर्धा दोन दिवस चालते, दोन्ही दिवशी सकाळी वजन होते, आणि दुसऱ्या दिवशी वजनात न बसलेला मल्ल थेट शेवटच्या क्रमांकावर जातो. म्हणूनच उपांत्य फेरीत विनेशकडून हरलेली क्यूबाची गुझमान अंतिम फेरीत गेली. हे सांगायला दोन मिनिटे लागतात. आमच्या गल्लीतल्या तालमीच्या वस्तादांनी ते त्याहून कमी वेळात सांगितले, वर वजन उतरवताना मल्लाच्या शरीरातले पाणी कसे काढले जाते तेही सांगितले. पडद्यावर मात्र तासन्‌तास कटाचा संशय, राजकारण आणि एकमेकांच्या बोलण्यात बोलणे चालू होते. क्रीडा लवादाने 14 ऑगस्टला विनेशचा अपात्रतेविरुद्धचा अर्ज फेटाळला, तोपर्यंतही अनेकांना मूळ नियम काय हे नीट कळले नव्हते.

जाहिरातींविषयी फार लिहीत नाही. फुकट पाहायचे तर त्या सोसाव्या लागणार, हे प्रेक्षक जाणतो. पण पदक गळ्यात पडत असताना चित्र तोडून साबणाची जाहिरात लावणे हा शुद्ध हलगर्जीपणा आहे, आणि तो एकापेक्षा अधिक वेळा झाला. सीन नदीवरच्या उद्‌घाटन सोहळ्याबाबत मात्र वाहिनीला दोष देणाऱ्यांशी मी सहमत नाही. भारतीय पथक क्षणभरच दिसले ही तक्रार सर्वत्र होती. नदी, नावा, आणि मधूनमधून पेरलेले नाचगाणे अशी मूळ रचनाच संयोजकांनी केली होती आणि एकेका नावेत अनेक देश बसवले होते.

मराठीचा मुद्दा स्वतंत्रपणे मांडायला हवा. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचे क्रिकेटचे धावते वर्णन ऐकून वाढलेली पिढी अजून आहे. 2023 च्या आयपीएलला एका अ‍ॅपवर मराठी समालोचन मिळाले. केदार जाधव तर ते करता करताच पुन्हा मैदानात उतरला. म्हणजे माणसे आहेत, तंत्र आहे आणि ऐकणारेही आहेत. तरीही ज्या दुपारी कोल्हापूरचा मुलगा ऑलिम्पिक पदक जिंकत होता, त्या दुपारी ते पदक मराठीत ऐकण्याची सोय माझ्या पडद्यावर नव्हती. हिंदी किंवा इंग्रजी कळत नाही असे नाही. पण कुस्तीतली ढाक, धोबीपछाड आणि भारंदाज डावाच्या नावासकट सांगणारा माणूस मिळाला असता, तर अमन सेहरावतची कांस्यपदकाची लढत गावोगावच्या तालमींत वेगळ्याच रंगात पाहिली गेली असती.

त्यानंतरच्या पॅरालिम्पिकला तर याहून कमी वाट्याला आले. सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारीने 4 सप्टेंबरला एफ46 गटात 16.32 मीटर गोळाफेक करून रौप्य मिळवले, सुवर्ण अवघ्या सहा सेंटिमीटरनी हुकले. एफ46 म्हणजे हाताच्या दिव्यांगत्वाचा गट, एवढी माहिती देणारी पट्टीसुद्धा मला थेट प्रक्षेपणात दिसली नाही. भारताने त्या स्पर्धेत 29 पदके मिळवली, हे लक्षात घेता ही कंजुषी अनाकलनीय आहे.

एकंदर अनुभवाला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन. त्यातले अडीच मूळ चित्रणाचे आणि एक अ‍ॅपवरच्या मोकळ्या निवडीचा. पुढचे ऑलिम्पिक 2028 च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिसला आहे. तेथली वेळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असेल, म्हणजे तिकडच्या संध्याकाळच्या अंतिम फेऱ्या आपल्याला सकाळच्या चहाबरोबर पाहायच्या आहेत. त्यात क्रिकेटही परतत असल्याने हक्कधारक आपले सारे बळ तिकडे लावतील अशी दाट शक्यता आहे. नेमबाजी, कुस्ती आणि अ‍ॅथलेटिक्ससाठी त्या त्या खेळातला एकेक निवृत्त खेळाडू आणि एक मराठी ध्वनिमार्ग, एवढे जरी आधीपासून ठरवून ठेवले तर माझ्याकडून राखून ठेवलेला दीड गुण द्यायला हरकत नाही.