मालगाडीच्या चालीची लेन्स

‘पक्षी काढता का?’ कॅननची आरएफ १००-४०० ही झूम लेन्स घेतल्यापासून कसारा लोकलमध्ये हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतंच. ‘नाही, मालगाड्या’ म्हटलं की समोरचा खिडकीबाहेर बघायला लागतो.

ऑगस्टमध्ये घेतली. कॅमेरा आर१०, म्हणजे क्रॉप, नेहमीपेक्षा लहान सेन्सर. त्यामुळे ४०० मिमीचं टोक ६४० सारखं दिसतं. एवढी झूम हवी कशाला? रुळांत उतरायचं नाही म्हणून. तो रेल्वे कायद्याने गुन्हा आहेच, पण आमच्या घरात त्याहून मोठा. बाबा मालगाडीवर गार्ड होते.

आधी रडगाणं. ४०० ला ही लेन्स एफ/८ च्या पुढे उघडत नाही, म्हणजे उजेड कमीच आत येतो; अशीला स्लो लेन्स म्हणतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेची रो-रो, पाठीवर ट्रक घेतलेली, काढायला गेले, तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ६४०० वर चढला आणि ताडपत्र्यांचा पोत पार धुऊन निघाला. पावसाला सील नाही, म्हणून दुधाची पिशवी कापून गुंडाळली होती. हूड, म्हणजे लेन्सपुढची सावलीची टोपी, तीही खोक्यात येत नाही, वेगळी घ्यायची.

पण कसारा घाटात हिशेब उलटा होतो. तिथे चढ ३७ ला १. भरलेली मालगाडी एकट्या इंजिनाला ओढवत नाही, मागून बँकर, म्हणजे जादा इंजिनं, रेटा देतात. गाडी इतकी सावकाश येते की १/२५० सेकंदाच्या शटरला सुद्धा वाघिणीवरचे, म्हणजे मालडब्यावरचे, आकडे वाचता येतात. स्लो लेन्स म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी स्लो गाडी काढून बघावी.

आणि वजन ६३५ ग्रॅम. कॅननच्याच लाल पट्टीवाल्या, वरच्या दर्जाच्या १००-५०० च्या निम्म्याहून कमी. टेकाडावर दोन तास उभं राहायचं, गाडी कधी येणार ते कोणी सांगत नाही, ट्रायपॉड घरी. हातात धरूनच सगळं काढते. हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन चांगलंच कामाला येतं. ऑटोफोकसचा आवाज नाही, आणि समोरून येणाऱ्या इंजिनाला धरून ठेवतो.

गंमत म्हणजे माझे आवडते फोटो ४०० चे नाहीतच. कंटेनरची गाडी म्हणजे ४५ वाघिणी, सहाशे मीटरच्या घरात. वळणावर ती दोनशेच्या आसपास धरली की निळे, तांबडे, मळकट पांढरे डबे एकमेकांना खेटून बसतात आणि चढ डोळ्यांना जाणवतो. मोबाइलमध्ये हाच घाट सपाट मैदान वाटतो.

दोन गोष्टींत लेन्सला दोष देऊ नका. ऊन तापलं की खडीवरून वाफ उठल्यासारखी हवा हलते, मग कुठलीही लेन्स लावा, इंजिन पाण्यात बुडाल्यासारखं दिसतं. मी सकाळी नऊला पिशवी आवरते. दुसरं, दुकानदाराने गळ्यात मारलेला, लेन्सच्या तोंडावर लावायचा स्वस्त ६७ मिमीचा फिल्टर. पहिल्याच पहाटे डब्ल्यूएजी-९ या मालगाडीच्या विजेच्या इंजिनाच्या हेडलाइटची हिरवी भुतं आकाशात नाचली. पन्नास फोटो गेले. फिल्टर आता बटणांच्या डब्यावर झाकण आहे.

४०० चा एक फोटो मात्र ठेवलाय. ब्रेक व्हॅनच्या, म्हणजे गार्डच्या शेवटच्या डब्याच्या, व्हरांड्यात उभा माणूस, मागे बँकर. २०२२ पासून गार्डना ट्रेन मॅनेजर म्हणतात; बाबा अजून गार्डच म्हणतात. टॅबवर त्यांनी तो बोटांनी मोठा करत नेला. माणूस सोडून चाकांपाशी थांबले.

‘अगं, ही बोगीवाली आहे, आठ चाकांची. आमची चार चाकांची, दर सांध्याला दात वाजायचे.’ मग पुन्हा वर सरकले. ‘पाण्याची बाटली बघ कुठे ठेवलीय त्याने. पडणार ती.’

मी काढताना बाटली पाहिलीच नव्हती.